बक्षीस मिळालेला पोर्च

नलूअक्का गेल्याचं मला आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवरून कळलं. ऑफिसच्या कॅबमध्ये होते, कोरमंगलाच्या अलीकडे नेहमीसारखी अडकलेली. सेक्रेटरींनी लिहिलं होतं, 'आपल्या बिल्डिंगची ऊब हरपली.' सोबत अक्कांच्या पोर्चचा फोटो, आणि खाली जोडलेल्या हातांची रांग. मी तो मेसेज तीनदा वाचला. रडू यायच्या आधी राग आला, आणि आज सहा आठवडे होऊन गेले तरी तो गेलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल लिहायचं तर मन निवलेलं असावं म्हणतात. माझं नाही निवलेलं. ज्यांचं निवलं आहे त्यांनी ग्रुपवर लिहून टाकलंच आहे.

अक्का मूळच्या निपाणीच्या. लग्न होऊन बेंगळुरूत आल्या त्याला पंचेचाळीस वर्षं झाली होती. बनशंकरीतलं त्यांचं बैठं घर यजमान गेल्यावर पाडलं गेलं आणि तिथे ही पाच मजली बिल्डिंग उभी राहिली. अक्कांच्या वाट्याला तळमजल्यावरचा फ्लॅट आला. त्याच्यापुढे पोर्च, अगदी बिल्डिंगमध्ये शिरतानाच दिसणारा. एकुलती एक मुलगी कॅनडात. मी पुण्याहून इथे राहायला आले तो दिवस डिसेंबरातला होता. सकाळचे साडेसहा वाजले होते, सामानाचा ट्रक तुमकूरच्या आसपास कुठेतरी होता आणि किल्ली ज्याच्याकडे होती तो एजंट फोन उचलत नव्हता. बेंगळुरूला कसली आलीय थंडी, असं म्हणून मी सगळे स्वेटर खोक्यांत भरले होते. पातळ कुर्त्यात कुडकुडत उभी होते, तर मागून अक्कांचा आवाज आला, "उभ्या का ऱ्हायलात? बसा की हो. ऊन यायला अजून स्वल्प वेळ आहे."

मी वळून पाहिलं आणि खरंच सांगते, एक क्षण वाटलं की हे कुणाचं तरी घरच आहे, बाहेर चुकून आलेलं. बांबूच्या चिकाचा पडदा अर्धा खाली सोडलेला, वाऱ्याच्या बाजूनं. जमिनीवर घोंगडी. भिंतीला लागून एक लांब लाकडी बाक, त्यावर जुन्या साड्यांची वाकळ, पाठीशी लोड. कोपऱ्यात शेवंतीच्या चार कुंड्या आणि वर पिवळा दिवा. त्या बाकावर तीन बायका कॉफीचे पेले हातात धरून बसल्या होत्या. त्यांनी सरकून मला जागा केली. त्यातली एक लक्ष्मम्मा. पुढे ती माझ्याकडे स्वयंपाकाला आली, आणि आजही येते.

अक्का हे सगळं दर वर्षी दिवाळी आटोपली की मांडायला घ्यायच्या आणि शिवरात्रीनंतर आवरून ठेवायच्या. मी त्यांच्याबरोबर दोन-तीनदा चिकपेटला गेले आहे, मेट्रोनं. तिथल्या गर्दीत त्या कापडाच्या गठ्ठ्यांत हात खुपसून उभ्या राहायच्या, डोळे मिटून. "रंग मागनं बघू गं, आधी हाताला काय म्हणतंय ते बघ." झगमगीत काही घ्यायच्या नाहीत. थंडी पायातून चढते, म्हणून आधी जमीन, असं त्यांचं होतं... खाली गोणपाट, त्यावर चटई, त्यावर घोंगडी. मग पाठ. डोळ्यांचं सगळ्यात शेवटी. बाकाचे पाय त्यांनी सुताराकडून चार बोटं कापून घेतले होते, कारण लक्ष्मम्माचे गुडघे दुखायचे आणि बसल्यावर तिचे पाय अधांतरी राहायचे. मी एकदा छान पांढरे एलईडी आणून दिले तर परत केले. "पांढऱ्या दिव्याखाली बसलेला माणूस चोरासारखा दिसतो," म्हणाल्या. मला हसू आलं होतं. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

बसायचं कोण? आमच्या बिल्डिंगमध्ये कामाला येणाऱ्या बायका. त्या शहराच्या पार कडेला राहतात. पहिल्या बसनं येतात, कारण त्यानंतरच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. सहाला गेटशी पोचतात. आणि आम्ही दारं उघडतो साडेसातला. अक्कांनी मला एकदाच, वाकळीला टाका घालता घालता विचारलं होतं, "मेधा, ती सहाला येते, तुझं दार साडेसातला उघडतं. मधला दीड तास कुणाचा गं?" मी म्हणाले, "अक्का, आमच्या रात्रीच्या मिटिंगा असतात, उठवत नाही हो लवकर." ते खरंही होतं. अक्का "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या आणि दोरा तोडला.

मग ती स्पर्धा आली. तीन वर्षांपूर्वी कमिटीनं हिवाळी सजावट ठेवली, सगळ्यात उबदार पोर्च किंवा बाल्कनी. लोकांनी हौसेनं प्लॅस्टिकचं गवत आणलं, लुकलुकत्या माळा सोडल्या, कुणी विणलेल्या उशा रचल्या आणि मुलांना त्यांच्यावर बसू नका म्हणून दम दिला. पहिलं बक्षीस अक्कांना. फोटो काढायला मंडळी सकाळीच खाली आली, तेव्हा बाकावर नेहमीच्या बायका बसलेल्या. सेक्रेटरी हसत हसत हिंदीत म्हणाले, "जरा उठा ना, फोटो क्लीन यायला हवा." बायका झटकन उठल्या. अक्कांनी हात आडवा केला. "थांबा स्वल्प. कॉफी संपू दे त्यांची." दहा मिनिटं सगळी कमिटी थंडीत उभी राहिली. मग फोटो निघाला, रिकाम्या बाकाचा. अक्का गेल्या त्या दिवशी ग्रुपवर आला तो हाच फोटो. त्यात अक्काही नाहीत.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर तक्रारी सुरू झाल्या. पाहुणे येतात तर दारातच कामवाल्या बसलेल्या दिसतात. फ्लॅट दाखवायला गिऱ्हाईक आणलं तर त्याचं मत बिघडतं. बाहेरची माणसं, सुरक्षेचा प्रश्न. ज्या बायका रोज आमच्या घरात शिरतात, आमची भांडी घासतात, आमच्या लेकरांना भरवतात, त्या सकाळी सहा ते साडेसात बाहेरच्या! मिटिंग झाली. पोर्च अक्कांच्या दारापुढे असला तरी कागदावर तो सामाईक जागेत मोडतो, हे कुणीतरी नकाशा आणून दाखवलं. त्यांच्या सासऱ्यांनी घेतलेली जमीन ही, आणि तिच्यावर कुणी बसायचं ते आम्ही ठरवणार होतो. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, सजावटीला आमचा काहीच विरोध नाही. सजावट सुंदरच आहे. फक्त तिथे बसू नये, एवढंच."

अक्का खुर्चीत ताठ बसल्या होत्या. म्हणाल्या, "मग ती कुणासाठी करायची हो?"

सेक्रेटरींनी बसायला बंदीचा ठराव पुढे सरकवला. कागद फिरला. तो माझ्यापाशी आला आणि मी सही केली. जबरदस्ती कुणी केली नव्हती. मला वाटलं, वीस सह्या आहेत, एकविसावीनं काय बिघडतं. मला वाटलं, उद्या पार्किंगवरून याच लोकांशी बोलायचंय. असलंच काहीतरी वाटलं. अक्का समोर होत्या आणि त्यांनी पाहिलं. बाहेर पडताना मी त्यांच्याजवळ जाऊन काहीतरी पुटपुटले, तर माझा हात थोपटून म्हणाल्या, "असू दे गं." मला त्या 'असू दे'चा आजही राग येतो. भांडल्या असत्या, दोन शिव्या दिल्या असत्या, निपाणीच्या भाषेत सगळ्यांसमोर माझी लाज काढली असती, तर मी दुसऱ्या दिवशी जाऊन सही खोडली असती... असती का? आता म्हणायला काय जातं.

डिसेंबर आला. बाक, लोड, वाकळ, सगळं तळघरात गेलं. पोर्चवर नुसती फरशी उरली आणि 'येथे बसू नये' असा तीन भाषांतला बोर्ड. अक्कांनी आपल्या हॉलचं दार उघडलं, बायकांना आत बोलावलं. त्या उंबऱ्यापर्यंत आल्या. "ओळगे बेडा, अक्का," लक्ष्मम्मा म्हणाली. आत नको. आत बसल्या असत्या तर उद्या कुणीतरी म्हणालं असतं, हे काहीतरी चोरीला गेलं, ते काहीतरी सापडत नाही. त्यांना आम्ही अक्कांपेक्षा चांगले माहीत होतो. मग त्या गेटबाहेर, रस्त्याच्या कडेला उभ्या राहू लागल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून अक्काही तिथे जाऊन उभ्या राहू लागल्या. बहात्तर वर्षांची, दम्याची बाई, शाल गुंडाळून, हातात कॉफीची किटली. वॉचमन मंजण्णानं आपली खुर्ची पुढे केली तर म्हणाल्या, "सगळ्यांना आहे काय खुर्ची? मग नको."

मी हे वरून, माझ्या बाल्कनीतून पाहिलं आहे. एकदा लवकरची मिटिंग होती म्हणून उठले होते. धुक्यात पाच-सहा आकृत्या, मधली सगळ्यात बुटकी. मी काय केलं? फोन केला. "अक्का, तब्येत सांभाळा हो, आत जा." त्यांनी वर पाहून हात हलवला. खाली उतरून जायला लिफ्टला अर्धं मिनिट लागतं.

जानेवारीत त्यांना न्यूमोनिया झाला. तीन आठवडे हॉस्पिटल. डॉक्टरांनी सांगितलं की हृदय आधीच कमजोर होतं, कशानंही झालं असतं. मी डॉक्टर नाही, मी वाद घालत नाही. मुलगी आली, शेवटचे चार दिवस तिला मिळाले. मी भेटायला गेले तेव्हा अक्का ऑक्सिजनवर होत्या. मास्क बाजूला करून विचारलं, "लक्ष्मम्माचे गुडघे कसे आहेत?" मला माहीत नव्हतं. ती रोज माझ्या घरी पोळ्या लाटते आणि मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, "बरे आहेत."

शोकसभा पोर्चवरच ठेवली. आणि ती कशी सजवली म्हणता? तळघरातून अक्कांचंच सामान वर आणलं. बाक पुसला, वाकळ झटकली, पिवळा दिवा लावला, मध्ये फोटो. बोर्डवर पांढरी चादर टाकली होती. एकामागून एक लोक उठून बोलले. किती माया, किती साधेपणा, कशी सगळ्यांना जागा देणारी बाई. सेक्रेटरी डोळे पुसत खाली बसले. ते रडू खोटं नव्हतं, हेच मला सहन होईना. कामवाल्या बायका गेटपाशी उभ्या होत्या. कुणी त्यांना या म्हणालं नाही. मी उठले, चादर ओढून काढली आणि म्हणाले, "हे वाचा आधी. मग बोला." आवाज चिरका लागला. "आणि सही माझीसुद्धा आहे." कुणीतरी म्हणालं, "मेधा, ही वेळ नाही." अक्कांच्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं आणि मग पाहणं सोडून दिलं. तिला आईनं सह्यांबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

बोर्ड अजून आहे. मी कमिटीला पत्र दिलं, सही मागे घेतली, दोघांना माझ्या बाजूला वळवलं. पुढच्या मिटिंगला विषय घेऊ, म्हणाले आहेत. बघू. आणि मी गेले महिनाभर सहाला उठते, दार उघडं टाकते. घरातला दिवा लावून ठेवते. लक्ष्मम्मा साडेसातलाच येते. बस तीच आहे, ती सहालाच उतरते, असं गेटवर मंजण्णा म्हणतो. पण आता गेटबाहेरही दिसत नाही. कुठे जाते, तो सांगत नाही.

परवा ती कणीक मळत होती तेव्हा मी विचारलं. माझ्या मोडक्या कन्नडात, उरलेलं हिंदीत. "लक्ष्मम्मा, दार उघडं असतं माझं. आत का येत नाही? सकाळी बसता कुठे तुम्ही सगळ्या?"

ती मळत राहिली. परात गच्च धरलेली, मान खाली. मग म्हणाली, "आहे एक जागा. अक्कांनीच बघून दिली, आजारी पडायच्या आधी. ऊन लवकर येतं तिथे."

"कुठे?"

तिनं हात थांबवला आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

"तुम्हाला सांगितली, मॅडम," ती म्हणाली, "तर राहील का ती?"