गोड्या पाण्यातला मासा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? कुणास ठाऊक. तुम्ही समोर बसलेले नाही, म्हणून असेल.

आमच्या लंडनच्या पिनर भागातल्या मराठी मंडळींत माझा एक किस्सा फेमस आहे. कुणाकडे गणपतीचं जेवण असलं, की पानावरून उठायच्या आत कुणीतरी म्हणतंच, 'अरे, तो साखरेचा किस्सा सांग ना!' मग मी सांगतो. चांगला तिखटमीठ लावून सांगतो. आमची सई दहा वर्षांची असताना आम्ही तिला एक मासा घेऊन दिला — समुद्रातला, खाऱ्या पाण्यातला, केशरी अंगावर पांढरे पट्टे. दुसऱ्याच दिवशी तो आजारी पडला. मी ऑफिसमधून फोनवर म्हटलं, त्याला थोडा वेळ गोड्या पाण्यात ठेव. आणि इथेच जन्मलेल्या आमच्या कन्यारत्नाने काय करावं? बोलमध्ये पाणी घेतलं, त्यात साखर ढवळली, आणि मासा त्यात सोडला! गोडं पाणी म्हणजे नुसतं बिनमिठाचं पाणी, हे त्या पोरीला काय माहीत? सगळे पोट धरून हसतात. मासा मेला, हेही मी सांगतो. पण घाईघाईत, हशा चालू असताना.

आता जे गाळतो ते.

तिने विचारलं होतं. हो — विचारलं होतं. शाळेला हाफ-टर्मची सुट्टी होती, तिची आई नाइट ड्यूटी करून वर झोपली होती, आणि ही एकटी टँकसमोर बसून फोनवर रडत होती. तो तळाशी आडवा पडलाय, धापा टाकतोय. 'यू मीन स्वीट वॉटर, बाबा?' असं तिने स्पष्ट विचारलं. पण आमच्या घरात नियम होता, बाबाशी मराठीतच बोलायचं. इंग्रजी कानावर आलं की मी बहिरा व्हायचो. त्यात मीटिंगला लोक खोळंबलेले. मी खेकसलो, 'मराठीत बोल! हो, गोडं पाणी. आटप लवकर.' आता तुम्हीच सांगा, तिने आणखी काय करायचं होतं?

एवढंच असतं तरी — नाही, थांबा. मी पुन्हा तेच करतोय, अर्ध्यावर थांबतोय.

मासा आजारी का पडला? दुकानातल्या बाईने बजावून सांगितलं होतं, पिशवी टँकमध्ये तरंगत ठेवा, आणि टँकमधलं पाणी तिच्यात थोडं थोडं मिसळत राहा. एकदम सोडू नका, नव्या पाण्याची सवय होऊ द्या. सईला मैत्रिणीच्या पार्टीला जायचं होतं. दारातून परत आली आणि म्हणाली, बाबा, नक्की करशील ना? करतो म्हटलं. आणि मॅच सुरू होत होती हो. मॅच! मी पिशवी फाडली आणि मासा सरळ टँकमध्ये ओतला. ती घरी आल्यावर म्हटलं, त्या बाईने सांगितलं अगदी तस्संच केलं. तेव्हाच तो कोपऱ्यात एका बाजूला कलला होता. तिला वाटलं, झोपलाय. मी तिला तसंच वाटू दिलं.

सकाळी ऑफिसला जाताना ट्यूब ट्रेनमध्ये मी फोनवर सगळं वाचून काढलं. अंगावर किडे असतील तर थोडा वेळ गोड्या पाण्यात ठेवतात. पण पाणी बदलल्याचा धक्का बसला असेल तर मुळीच हलवायचं नाही, टँकचा दिवा बंद करून नुसतं शांत राहू द्यायचं. आमच्या माशाला काय झालं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. पण किडे असते, तर ते दुकानातून आले असते. खापर दुकानावर गेलं असतं! म्हणून मी पोरीला किड्यांचा उपाय सांगितला. किती नीच असावं माणसाने? साखर नसती तरी तो त्या बोलमध्ये वाचला नसता. आणि हे माहीत असून मी इतकी वर्षं तो किस्सा सांगतोय. तिच्यासमोर. सई आता लीड्सला शिकते. आईशी मोडकंतोडकं का होईना, मराठी बोलते. माझ्याशी फक्त इंग्रजी. मी आता बहिरा होत नाही. काहीही बोल म्हणावं, पण बोल.

त्या संध्याकाळची गोष्ट राहिली.

मी घरी आलो तेव्हा ती किचनच्या फरशीवर बसली होती, मांडीवर तो बोल. रडून रडून डोळे सुजले होते. माझ्याकडे न बघता, नियम पाळून, एकेक शब्द शोधत ती म्हणाली, 'बाबा, मासा मी मारली.'

मी म्हणालो, 'मारली नाही.'

तिने झटकन मान वर केली. काय चेहरा झाला होता तिचा! जीव भांड्यात पडल्यासारखा. मी तिथेच गप्प बसलो असतो तरी पुरलं असतं. खरं सांगायचीसुद्धा गरज नव्हती.

'मारला म्हणतात,' मी म्हणालो. 'मासा मारला.'

तिने मान खाली घातली आणि नीट म्हणून दाखवलं, 'मासा मी मारला.'

मी तिला शाब्बास म्हटलं.