विंगेतून आलेले वाक्य

"पुन्हा म्हणा. आणि या वेळी खोटं बोलू नका."

ईस्ट कोस्ट भागातल्या आमच्या कॉन्डोच्या, म्हणजे निवासी संकुलाच्या, लिफ्टमध्ये मी त्याला सभ्यपणे म्हणालो होतो, की आपल्याला भेटून आनंद झाला. त्यावर त्या इंग्रज नटाचे हे उत्तर. पुढे कळले, की तो सर्वांनाच हे ऐकवत असे: वॉचमनला, डॉक्टरला, ज्या लेकीच्या घरी राहत होता तिलाही.

आता तो गेल्यावर आमच्या मराठी नाट्यगटाचे कार्यवाह व्हॉट्सॲपवर लिहितात, 'सर अत्यंत प्रेमळ होते. शेवटच्या प्रयोगात वयोमानाने वाक्य विसरले, पण आपण सर्वांनी त्यांना सांभाळून घेतले.' खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग. तो प्रेमळ नव्हता, आणि तो विसरलाही नव्हता. यांतले पहिले असत्य मी एकवेळ सोडून दिले असते.

प्रेमळ! जहाजांवर आणि नंतर हार्बरफ्रंटच्या कचेरीत माझे सारे आयुष्य यंत्रांत गेले, हे त्याला ठाऊक होते. तरी तो मला 'पर्सर' म्हणे, म्हणजे बोटीवर प्रवाशांच्या तक्रारी ऐकून घेणारा माणूस.

"मी चीफ इंजिनिअर होतो," मी बजावले.

"असाल. चेहरा पर्सरचा आहे."

हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, त्याला अशीच खुर्ची लागे, जिथे डाव्या गालावर उजेड पडेल. तिथे कोणी बसले असेल, तर तो माणूस कंटाळून उठेपर्यंत हा शेजारी उभा राही. उजवी बाजू पडद्याच्या लायकीची नाही, असे तरुणपणी कोणा दिग्दर्शकाने त्याला सांगितले होते. तेव्हापासून ती बाजू त्याने जगाला दाखवलीच नव्हती. वाचकहो, असली माणसे तुम्हीही पाहिली असतील. पण त्यांच्याबरोबर रोज सकाळी समुद्रकाठी फिरण्याची पाळी तुमच्यावर आली नसेल.

उत्तर इंग्लंडमधल्या एका खाटकाचा हा मुलगा. उमरावाचा आवाज त्याने घोटून घोटून कमावला होता. संतापला की मात्र खाटकाचे दुकान बाहेर येई. त्या आवाजावर त्याला पडद्यावर आयुष्यभर साहेबाचीच कामे मिळाली: कधी मळेवाला, कधी मॅजिस्ट्रेट, कधी मेजर. मध्यंतराच्या आत तो मरत असे. गोळीने, सापाने, एकदा तर हत्तीच्या पायाखाली. ज्यांच्या हातून मेला, त्या सर्व नायकांबद्दल तो अतिशय वाईट बोले.

आमच्या गटाने एकांकिका बसवली, तेव्हा तिच्यातल्या इंग्रज न्यायाधीशासाठी कार्यवाहांनी त्याला गाठले. तालमी शहराच्या दुसऱ्या टोकाला, चोआ चू कांगला, त्यांच्याच फ्लॅटच्या हॉलमध्ये होत. आरोपी विणकराची आई पदर पसरून मुलाच्या प्राणांची भीक मागते, आणि न्यायाधीश म्हणतो, "शिक्षा कायम." त्याचे मराठी वाक्य हे एवढेच. उच्चार मी घोटून घेतला. शिष्य म्हणून तो असह्य होता, पण पहिल्याच आठवड्यात त्याचा 'क्ष' माझ्या नातीच्या 'क्ष'पेक्षा स्वच्छ झाला.

"हा लगेच का बोलतो?" त्याने तालमीत विचारले.

"सर, स्क्रिप्टमध्ये तसंच आहे," कार्यवाह म्हणाले.

दुसऱ्या दिवशी समुद्रकाठी तो मला म्हणाला, "पर्सर, मला पडद्यावर कधी विचार करू दिला नाही. वाक्य बोलायचं आणि मरायचं. हा न्यायाधीश विचार करणार आहे." हे त्याने मला सांगितले, कार्यवाहांना नाही. म्हणून मी लिहितो आहे.

प्रयोगात आईचे बोलणे संपले. त्याने तोंड उघडले, मिटले. मग सावकाश मान वळवून, जी बाजू त्याने कधी कोणाला दाखवली नव्हती ती उजवी बाजू प्रेक्षकांसमोर आणली. ओघळलेला, थकलेला गाल. शिक्षा द्यायची नसलेला एक माणूस आम्हाला दिसू लागला. नाट्यगृहात कोणी खोकलेही नाही.

आणि विंगेतून, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल अशा आवाजात, कार्यवाह ओरडले, "शिक्षा कायम! सर, शिक्षा कायम!"

हौशी मराठी रंगभूमीची ही जुनी खोड आहे. नट क्षणभर थांबला, की प्रॉम्प्टरच्या छातीत धडकी भरते. प्रेक्षक हसले, मग हसल्याची लाज वाटून त्यांनी धीर देणाऱ्या टाळ्या वाजवल्या. तो वळला, डावा गाल उजेडात आणला आणि वाक्य बोलला. 'क्ष' निर्दोष होता.

"आजोबा, ही फर्गॉट, ला," शेजारून माझी नात इथल्या इंग्रजीत कुजबुजली.

रंगपटात मी कार्यवाहांना स्पष्ट सांगितले, की तो विसरला नव्हता. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काका, राहू द्या ना. वय झालंय त्यांचं."

तो आरशापुढे रंग पुसत होता. मी म्हणालो, "मी सगळ्यांना सांगतो."

"सांगू नका," तो म्हणाला. आवाज खाटकाचा होता. "ते आणखी दयाळू होतील."

त्यानंतर तो फिरायला आला नाही. मी दोनदा त्याची बेल वाजवली. मुलगी बंद दाराआडून म्हणाली, "ते झोपलेत." आतून त्याचा खणखणीत आवाज आला, "पुन्हा म्हण. आणि या वेळी खोटं बोलू नकोस." दार मात्र उघडले नाही. पुढे इस्पितळ, आणि संपले.

कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये शोकसभा झाली. कार्यवाहांनी 'विसरले तरी सांभाळून घेतले' हे पुन्हा सांगितले. मुलगी खाली पाहत राहिली. मग सारे मौन पाळायला उभे राहिले. जेमतेम शांतता पसरली, तोच कार्यवाह खाकरले. "ओम शां—"

"थांबा," मी म्हणालो. "त्याचं अजून संपलेलं नाही."

कोणी बसले नाही. मुलीने मान वर केली. बाहेर पोहण्याच्या तलावाचे पाणी काठावर आपटत होते. कार्यवाह तोंड उघडे ठेवून उभे होते.

त्यांना विंगेतून कोणीही वाक्य दिले नाही.