चपडा

समोरच्या फ्लॅटमध्ये दाराला पॉलिश चाललंय आणि स्पिरिटचा वास आमच्या घरभर पसरलाय. माझे वडील देवळालीत लोकांच्या फर्निचरला पॉलिश करायचे. गंगापूर रोडच्या माझ्या नव्या घरातल्या टेबलालाही तेच पॉलिश करणार होते, म्हणून आम्ही सामान घ्यायला गेलो. दुकानात त्यांनी पॉलिशसाठी स्पिरिटमध्ये विरघळवायच्या लाखेच्या चपड्याच्या पातळ पापड्या उजेडात धरल्या, एक बोटांत मोडून पाहिली, पॉलिश पेपरवरून अंगठा फिरवला. मी दुकानदारासमोरच अक्कल पाजळली, “बाबा, चपडा आता कोण वापरतं? गरम कप ठेवला की डाग पडतो. स्प्रेचं सामान घ्या.” त्यांनी पापड्या कागदात परत ठेवल्या आणि दुकानदाराला म्हणाले, “साहेब म्हणतात ते द्या.” गिऱ्हाइकाशी ते कधी वाद घालत नसत. त्यानंतर माझ्याशीही त्यांनी कधी घातला नाही.