दहा नंबरचा गडी

आम्ही दोघांनी मिळून केलेली शेवटची साधी गोष्ट म्हणजे टीव्हीवर रग्बीची मॅच बघितली. ऑस्ट्रेलियातली, तेरा-तेरा गड्यांची. रविवार होता, दुपारी जेवायची वेळ. मुलानं पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटवर माणसं जेवायला बोलावली होती. मी सोफ्यावर मधोमध बसलेलो. ही स्वयंपाकघराच्या दारात पोळपाट घेऊन खाली बसलेली. उभं राहून लाटायची सवय तिला सिंगापुरात येऊनही लागली नाही. तिथून तिला टीव्ही तिरका दिसायचा. सून आत तव्यापाशी होती.

मिळून बघितली म्हणतो खरा. पण मी तिच्याकडं पाठ करून बसलो होतो.

मी चौथी शिकलेला माणूस. एसटीच्या डेपोत टायर बदलण्यात सगळी नोकरी गेली. एक गोष्ट मात्र येत होती, कबड्डी. डेपोच्या संघातून पंधरा वर्षं चढाया केल्या. डावा गुडघा अजून त्याची साक्ष देतो. मुलगा इंजिनिअर झाला, तुआसला नोकरीला लागला, इथलाच झाला, आणि मी रिटायर झाल्यावर आम्हा दोघांना घेऊन आला.

रग्बी मी शोधली नाही, तिनं शोधली. दुपारी नात शाळेत, मुलगा-सून कामावर. मालिकांमधलं रडणं तिला आवडायचं नाही. रिमोट दाबता दाबता तिला हा खेळ सापडला. इंग्रजी कळत नाही म्हणून आवाज बंद करून ती कपड्यांच्या घड्या घालत बघायची. एक दिवस मला म्हणाली, "अहो, या इकडं. तुमच्या कबड्डीसारखंच आहे, फक्त हातात चेंडू दिलाय." मग मीही बघायला लागलो. आणि बघायला लागल्यावर तिला शिकवायला लागलो.

त्यात निळ्या जर्सीवाल्यांचा एक गडी होता, दहा नंबरचा. दांडगा. मान नाहीच, डोकं थेट खांद्यावर ठेवलेलं. टीव्हीवाले त्याचं नाव घेताना किंचाळायचे. हिचा तो लाडका. माझ्या मते तो नुसता फुगवलेला होता. का, ते सांगतो. चेंडू घ्यायचा, मान खाली घालून समोरच्या तिघांवर जाऊन आदळायचा, आणि पकडला जायचा. उठायचा, परत तेच. पंधरा पावलं मोकळा पळाला असं मी कधी बघितलं नाही. आमच्यात पकडला गेला तो बाद, बाहेर बसतो. दर चढाईला पकडला जाणाऱ्या गड्याला आम्ही पाणी आणायला ठेवला असता. इथं त्याला टाळ्या.

त्या दिवशी पाहुणे चौघं होते. एक आमच्याच बिल्डिंगमधला, दोन मजले खाली राहणारा बँकेतला अकाउंटंट आणि त्याची बायको. हा गृहस्थ आधी सिडनीला काही वर्षं होता. दुसरं जोडपं शहराच्या दुसऱ्या भागातलं, आंग मो किओचं, दोघं तरुण. हातात बिअर आणि समोर ऐकणारी माणसं असली की मला चढतं. दहा नंबर परत एकदा आडवा झाला आणि मी सुरू झालो.

"बघा, झाला बाद! याला लाखो डॉलर देतात. आमच्या डेपोतल्या कुणीही याला कोपऱ्यात घोटा धरून बसवला असता."

"काका म्हणजे जुने खेळाडू," आंग मो किओवाला म्हणाला.

अकाउंटंट बिअरचा ग्लास फिरवत राहिला.

मागून हिचा आवाज आला. "अहो, तो पकडला जायलाच जातो."

"काय?"

"पकडला जायलाच जातो तो. तिघं त्याच्या अंगावर पडले की तिकडं तीन माणसं कमी झाली ना. मग ते बारकं पोरगं मोकळं पळतं. तुम्ही चेंडू बघता. चेंडू सोडून एकदा त्याला बघा."

"आजी इज राइट, लाह," नात इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली.

नातीनं तसं म्हणायला नको होतं. म्हणजे, म्हणाली ते बरोबरच. पण चार माणसांत बायकोनं आणि नातीनं मला खेळ शिकवावा हे मला सोसलं नाही. मी मान वळवली आणि म्हणालो, "तू आयुष्यात मैदानावर पाय ठेवलायस का? तुला काय कळतंय! तिकडं पोळी करपतीय, ती बघ."

सगळे हसले. अकाउंटंट हसला, त्याची बायको हसली, आंग मो किओची पोरगी तोंडावर हात ठेवून हसली. पोळी करपली नव्हती. तव्यापाशी सून होती, ही नव्हतीच. हिनं पिठाचा हात पदराला पुसला आणि पुढची पोळी लाटायला घेतली. मला वाटलं, जिंकलो.

हे मी पहिल्यांदा केलं असं नाही. डेपोचा सामना असला की संध्याकाळी मी घरातून निघायचो. मागं माझी आई, दोन भाऊ, भावांची पोरं आणि एक चूल. सगळे हिच्या अंगावर. मी मोकळा. रात्री बक्षिसाचा पेला घेऊन यायचो आणि ही तो राखेनं घासून फळीवर मांडायची. आता हे त्या दहा नंबरशी जुळवून कुणी मला सांगायला लागलं तर मी उठून जातो. तसं जुळवून मोकळं होण्याएवढं ते सोपं नाही.

पाहुणे साडेतीनला गेले. भांडी झाल्यावर ही चहा घेऊन आली, कप माझ्यापुढं ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो, खरंच एकदा बघा त्याला." मी टीव्हीचा आवाज वाढवला. टीव्हीवर तेव्हा मॅचसुद्धा नव्हती, गाड्यांची जाहिरात चालू होती. ती म्हणाली, "जरा पडते." एवढंच.

पाचच्या सुमाराला सून उठवायला गेली तर ही घामानं भिजलेली, बोलता येत नव्हतं. अँब्युलन्स लगेच आली, आली नाही असं म्हणणार नाही. मी पुढं बसलो होतो, ड्रायव्हरशेजारी. मागं मुलगा होता. म्हणजे तेव्हाही मी पाठ करूनच. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी मुलाला बाजूला घेतलं. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा बघून मी विचारलं नाही. उजेड होता अजून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा कागदपत्रं करायला हॉस्पिटलात गेला. सून गावाकडं फोन लावत होती. मला कुणी काही सांगितलं नव्हतं, बसून राहा एवढंच. मी पायात चपला घातल्या आणि जिन्यानं दोन मजले खाली गेलो. अकाउंटंटनं दार उघडलं. पांढरा शर्ट घातला होता.

"काका! मी वरच येत होतो. सुट्टी टाकलीय. मंडाईचं बुकिंग, भटजी, सगळं बघतो मी, तुम्ही..."

मंडाईला इथलं स्मशान आहे. मी म्हणालो, "ते नंतर. आधी सांग. तू सिडनीला होतास. तो दहा नंबर कसा आहे?"

"काका, या ना, आत या."

"कसा आहे? फुगवलेला आहे की नाही?"

त्यानं बायकोकडं बघितलं. मग खाली बघत म्हणाला, "नाही काका. फार मोठा खेळाडू आहे. काकू म्हणाल्या तसंच आहे ते. त्याचं कामच ते. कुणी करायला तयार नसतं."

"मग काल का नाही बोललास?"

"तुम्ही मोठे आहात. तुमच्यापुढं कसं..."

"तीपण मोठीच होती."

तो रडायला लागला. बरा माणूस आहे, त्याच्यावर मी उगाच उखडलो. तो हसला असेल, पण हसायला मी लावलं होतं. मी त्याच्या बायकोला म्हणालो, "बाई, काल काकू बरोबर होती. मी चुकलो होतो." ती म्हणाली, "काका, बसा, चहा टाकते." मी बसलो नाही. अजून एक घर राहिलं होतं.

पासिर रिसच्या इंटरचेंजवरून, म्हणजे मोठ्या बसस्टँडवरून, आंग मो किओला सरळ बस जाते. बसचं कार्ड खिशात होतं. सोमवारची सकाळ, ऑफिसची गर्दी. एका चिनी मुलीनं उठून जागा दिली. तासभर लागला असेल. फोन माझ्याकडं नव्हता. तिकडं घरी मुलगा परत येऊन मला शोधत होता, सून लिफ्टपाशी, खाली बागेत, बसस्टॉपवर पळत होती, पोलिसांना कळवावं का म्हणत होते. आई गेलेल्या पोराला मी तेवढ्यात तेही करायला लावलं. बसमध्ये असताना मला त्याची शुद्ध नव्हती. मी एवढंच ठरवलं होतं की ज्यांच्यासमोर तिला गप्प केलं त्यांच्यासमोर बोलायचं, आणि तिला हॉस्पिटलातून घरी आणायच्या आत बोलायचं.

दार उघडलं तर दोघं तयार होऊन चपला घालत होते.

"काका, तुम्ही इथं? एकटे? आम्ही तुमच्याकडंच निघालोय."

मी उंबऱ्याबाहेरूनच म्हणालो, "काल मी तिला म्हणालो, तुला काय कळतंय. तिलाच कळत होतं. तो गडी चांगला आहे. मी तुमच्यासमोर बोललो म्हणून तुमच्यासमोर सांगायला आलोय."

पोरगा गडबडला. "हो काका, हो, चला, आपण टॅक्सी करू." असं, माणूस भ्रमिष्ट झाल्यावर बोलतात तसं. पोरगी मात्र एक चप्पल पायात आणि एक हातात, तशीच उभी होती.

"चला नाही," मी म्हणालो. "म्हण आधी. काकू बरोबर होती."

"काकू बरोबर होत्या," पोरगा म्हणाला.

मी पोरीकडं बघितलं. तिनं हातातली चप्पल खाली ठेवली आणि तीही तेच म्हणाली. मग मी त्यांच्याबरोबर खाली उतरलो आणि टॅक्सीत मागच्या सीटवर बसलो.