सुनेचा पायगुण

नवी सून घरात आली, आन् त्याच्यामांगं काही इपरीत झालं, का आमच्याकडं म्हन्तात, तिचा पायगुण. चांगलं झालं त घरच्याचं नशीब, वाईट झालं त सुनेचे पाय. जवाई पहिल्यांदा घरी आला त त्याचे पाय कोनी पाहत नाही.

मी बोरी अरबच्या बाजूच्या खेड्यात नांदाले आली, आन् त्याच हप्त्यात गोठ्यातला बैल मेला. साप चावला होता, समद्याईनं साप पाह्यला. तरी सासू म्हने, पायगुण. मंग कापूस फुटला. पहिल्या वेचनीले आमी बाया सीतादही करतो. वावरात दहीभाताचा निवद ठेवतो, आन् पहिलं बोंड घरची सून वेचते. मले बांधावर उभं केलं, बोंड ननंदेनं वेचलं. सासू होती तवरक असंच चाललं. निंदन माह्या आंगावर, वेचनी माह्या आंगावर, डोक्यावरचं गाठोडं माह्या डोक्यावर. निस्तं पहिल्या बोंडाले माहा हात चालत नोता. मी रडली नाही. रडत बसली असती त वेचलं कोनं असतं?

औंदा पोराचं लगन झालं. सून मारेगावाकडची. ती आली आन् विहिरीवरची मोटर जळाली. तार जुनी होती, मी पोराले कवाची सांगून राह्यलती.

सीतादहीले ननंद आली. आता तीबी म्हातारी. सून बोंडाले हात लावाले गेली, त ननंद म्हने, "तू थांब वं बांधावर. मोटरीचं पाह्यलं आमी."

पोरगी जागीच थांबली. आता नाही बोलली त हे पोरगी जल्मभर बांधावर, हे मले कळत होतं.

मी म्हनलं, "बाई, मोटर तारेनं जळाली आन् बैल सापानं मेला. पाय कोनाचेच नोते."

"इतक्या वर्सानं आठवलं का तुले?"

"इसरली कवा होती?"

मी सुनेचा हात धरून झाडापाशी नेला. तिनं बोंड वेचलं. ननंदेनं तोंड वाकडं केलं, पन दहीभात खाल्ला.

कापूस औंदा कमीच झाला. बोंडअळी साऱ्या शिवारात पडली. पन माह्या घरात पायगुण हा शब्द कोनी तोंडातून काहाडला नाही. काहाडून पाहा म्हना. मी दारातच बसली राह्यतो.