डोक्यावरची एक ओळ

"हिला डेकोरेटर नाही," सर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. सगळे हसले.

बडोद्यातली छोटी सॉफ्टवेअर कंपनी. खाली ऑफिस, वर सरांचं घर. नवीन मुलांना ते शिकवत होते. प्रोग्रॅममधला क्लास म्हणजे घर समजा, त्यातल्या एकेक काम करणाऱ्या मेथड म्हणजे आतल्या खोल्या. बाहेरच्या मोबाइलला आतलं काही मागता येत नाही. ज्या मेथडच्या डोक्यावर आपण एका ओळीचा डेकोरेटर लावतो, तेवढीच बाहेरच्याला उघडी. मुलांना कळेना, म्हणून मला उभं केलं. म्हणाले, तुम्ही दुपारी वर जेवायला येता, ही खालीच जेवते. का?

का, ते मला माहीत होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या आईंनी माझं आडनाव विचारलं होतं. मग गोड आवाजात म्हणाल्या होत्या, तू खालीच जेव हं बेटा.

उदाहरणसुद्धा चुकीचं. डेकोरेटर मेथडला लागतो, माणसाला नाही. पण मीही हसले. घाबरून हसले. नोकरी गेली तर घरी काय सांगू, एवढंच डोक्यात.

माझे बाबा मकरपुऱ्याच्या कारखान्यात कंत्राटी कामगार. हाडाचे फिटर. ठेकेदाराला कुणीतरी जात सांगितली आणि त्याने त्यांना गटारावर टाकलं. तेव्हापासून बाबा घरी आले की आधी मोरीत जातात. कुणाशी बोलत नाहीत.

त्याच ठेकेदारासाठी आम्ही हजेरीचं सॉफ्टवेअर करत होतो. बाबा त्याच्याकडे आहेत हे सरांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलंही नव्हतं, तोंडच उघडत नव्हतं.

एके दुपारी सर माझ्या टेबलाशी आले. त्या सॉफ्टवेअरमध्ये कामगाराची जात सांगणारी मेथड होती, सरकारी कागदांपुरती, बाहेरच्याला बंद. म्हणाले, तिच्यावर डेकोरेटर लाव, ठेकेदाराला मोबाइलवर बघायचंय.

"कशाला, सर?"

"आडनावावरून सगळ्यांचं कळत नाही ना. कँटीनमध्ये कोण, गटारावर कोण, त्याला ठरवायला बरं पडतं."

एक ओळ. ती लावली की सगळ्यांची जात त्याच्या खिशात. सर मागेच उभे होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता. मला बाबा दिसत होते, मोरीत पाठमोरे बसलेले.

"मी नाही लावणार."

आवाज इतका बारीक निघाला की मलाच लाज वाटली. सर हसले. म्हणाले, मग उद्यापासून येऊ नकोस, दुसरं कुणीही लावेल.

"लावू दे. माझे बाबा त्याच ठेकेदाराकडे आहेत. ती ओळ लागली की मी गेटवर उभी राहून एकेका कामगाराला सांगणार, तुमची जात आता ठेकेदाराच्या मोबाइलवर आहे."

सरांचं हसू गेलं. जिन्याचा कठडा धरून बाहेर पडले.

अजून भीती वाटते. घरी अजून बोलले नाही, आज बोलणार. आणि उद्या मकरपुऱ्याच्या गेटवर जाणार, ओळ लागायची वाट न बघता. बाबांच्याच पाळीपासून सुरुवात करणार.