माका आणि मका

त्या रविवारी सकाळी मी जितका खुशीत होतो तितका फॅक्टरीतल्या माझ्या निरोप समारंभालाही नव्हतो. बायकोने मला तिच्या केसांना हात लावायची परवानगी दिली होती. परवानगी कसली, एका दिवसाची मुदतच होती ती.

झालं असं की ती जिन्यावरून घसरली आणि उजवा हात मोडून बसली. कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर. कमरेपर्यंतचे केस एका हाताने ना धुता येत, ना विंचरता. मागच्या बाजूला चांगलाच गुंता झाला. शेजारच्या वहिनी मदतीला आल्या, त्यांना तिने दारातूनच परत पाठवलं. लेक पुण्याला, तिला बोलवू दिलं नाही. आणि एक दिवस मला न विचारता सदर बाजारातल्या पार्लरमध्ये फोन करून सोमवार सकाळची वेळ घेतली. खांद्यापर्यंत कापून मोकळं व्हायचं म्हणाली.

मला फार वाईट वाटलं. विहारात वंदनेला बायका पुढे बसतात, आम्ही मागे. डोळे मिटायचे असतात हे मलाही कळतं, पण माझे डोळे इतकी वर्षं त्या वेणीवरच राहिले. ती वेणी पार्लरच्या फरशीवर पडलेली मला बघवली नसती.

"मी धुतो," मी म्हटलं.

"तुम्ही? तुम्हाले सवताचा टॉवेल सापडत नाही."

"एक रविवार दे. नाही जमलं तर सोमवारी खुशाल काप."

तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "चलो, करा. पण नुसतं पाणी नको. लेप लावा लागते, तवाच गुंता निघते." हा लेप ती नेहमी स्वतः करायची आणि न्हाणीघराचं दार लावून लावायची. त्यात काय काय असतं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. रात्री भिजवलेली मेथी वाटायची, जास्वंदीची पानं पाण्यात कुस्करायची, दही घालायचं. "अन् माका संपला हाये. त्याची पावडर आणा."

इथे आमची जबलपूरच्या मराठी माणसांची एक खोड सांगायला हवी. घरातून निघालेला शब्द दुकानापर्यंत पोचेतो आम्ही त्याची हिंदी करून टाकतो. जवसाची अलसी होते, हरभऱ्याचा चना होतो, जास्वंदीचं गुड़हल. त्यासाठी डोकं चालवावं लागत नाही, चपला घालता घालता होऊन जातं. तसा बाजारातलं कमानिया गेट येईपर्यंत माझ्या तोंडात माक्याचा मक्का झाला.

जडीबुटीवाल्याला मी सांगितलं, "मक्के का पाउडर देना भैया, बालों के लिए." त्याने आधी माझ्या टकलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बालों में मक्का? पहली बार सुन रहे हैं, अंकल जी."

"हमारे महाराष्ट्र में लगाते हैं," मी ताठ मानेने म्हणालो. मी जन्मलो जबलपूरला, वाढलो जबलपूरला, आणि महाराष्ट्रात आजवर लग्नं, मयती आणि लेकीचं घर सोडून कशाला गेलेलो नाही. त्याने मला चक्कीवर पाठवलं. चक्कीवर छान ताजं पीठ मिळालं आणि मी शीळ घालत घरी आलो.

गच्चीवर थंडीचं मस्त ऊन होतं. मी खुर्ची टाकली, बादल्या भरल्या, बायकोच्या प्लास्टरला पिशवी गुंडाळून तिला बसवलं. मिक्सरमध्ये मेथी फिरवताना मला इतका हुरूप आला होता की झाकण धरायचं राहिलं आणि निम्मी मेथी माझ्या बनियनवर आली. उरलेल्यात जास्वंदीचा बुळबुळीत रस, दही आणि भरपूर पीठ घालून मी मागून लेप थापायला सुरुवात केली. काय सांगू, हात नुसते पळत होते!

"बरं लावून राहिले," ती डोळे मिटून म्हणाली. मी आणखी एक वाटी थापली.

ऊन चढलं. लेप वाळला. आणि तिने नाक वर केलं.

"अहो, मक्याच्या रोटीवानी वास काहून येऊन राहिला?"

"मक्याचाच येईल ना. तूच तर सांगितला."

"म्या मका सांगतला?" ती खुर्चीतून अर्धी उठली. "माका! माका! भृंगराज म्हणतात त्याले हिंदीत!"

मी घाईघाईने पाणी ओतलं. त्याने पिठाचे गोळे झाले आणि आधीच्या गुंत्यात कण न् कण जाऊन बसला. आता तो गुंता उरला नव्हता, थापलेली भाकर झाली होती. ती आधी चिडली, मग तिला हसू फुटलं, मग हसता हसता तिने डाव्या हाताने तो गोळा चाचपून पाहिला. "राहू द्या," ती म्हणाली. "उद्या पार्लरवाली कापूनच टाकन. तसंही कापायचेच होते."

"आज रविवार आहे," मी म्हटलं. "माझी मुदत संपलेली नाही."

मी खोबरेल तेल कोमट केलं, मोठ्या दातांचा कंगवा घेतला आणि तिच्या पाठीमागे स्टुलावर बसलो. बटा वेगळ्या केल्या. प्रत्येक बटेला तेल, मग बोटांनी कण काढायचे, मग खालून वर कंगवा. फॅक्टरीत जन्मभर मशीनचे बारीक भाग जुळवले, ती अक्कल इथे कामाला आली. पहिली बट सरळ सुटली तेव्हा मी अक्षरशः ओरडलो. दुसरी सुटली, तिसरी सुटली. जेवायचं भान राहिलं नाही. ऊन गच्चीच्या कठड्यावर गेलं तोवर मी मानेपासून टाळूच्या मागच्या भागापर्यंत पोचलो होतो.

आणि तिथे केस बाजूला करताना मला चाई दिसली, केस गळून उघडी पडलेली जागा. साफ गुळगुळीत. माझा हात थांबला. वहिनींना दारातून परत का पाठवलं, न्हाणीघराचं दार का लागायचं, लेकीला का बोलवू दिलं नाही, सगळं मला एकदम कळलं.

"दिसली ना?" ती मागे न वळता म्हणाली.

"दिसली."

"म्हणूनच कापायचे होते. आखूड केले का झाकता येते, असं पार्लरवाली म्हणे." मग तिने विचारलं, "लई मोठी हाये का?"

"तू पाहिली नाहीस?"

"मागं कशी दिसन? बोटानं लागते. रोज मोठी झाल्यावानी लागते. तळहाताएवढी असन ना?"

मी तेलकट बोटं बनियनला पुसली, मोबाईल काढला, फोटो घेतला आणि तिच्या पुढे धरला. तिने डाव्या हाताने तो ओढून घेतला. बोटांनी मोठा केला, लहान केला, परत मोठा केला. चाई सुपारीएवढी होती. नीट भांग पाडला तर कुणाला दिसलीही नसती.

"एवढीच?" ती म्हणाली.

"एवढीच."

"अवो, एवढीच हाये!" आणि ती रडायला लागली. इतक्या खुशीत रडताना मी तिला लेकीच्या जन्मानंतर पाहिलं नव्हतं.

केस धुऊन झाले, टॉवेल गुंडाळला. मी वेणीचे तीन पेड कसे धरायचे ते शिकायला अगदी उतावीळ झालो होतो, पण तिने मला हाताने थांबवलं आणि आधी फोन लावला.

"दीदी, कल का रहने दीजिए," ती म्हणाली. "नहीं नहीं, कटवाना ही नहीं है. हाँ, हाथ तो वैसा ही है अभी." मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि पिठाने माखलेला तो अवतार बघून पुन्हा हसू आवरेना. "धोने के लिए घर में एक आदमी है ना, दीदी. उससे अब कुछ छुपा नहीं है."